काका, ओटीपी आला का?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फोर्टातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात तासभर बसलात, तर एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत ऐकू येईल. ‘काका, ओटीपी आला का?’ आर्टिकलशिपची मुलं ते घाईनं म्हणतात, मी आर्जवानं म्हणते, आणि आमच्या सरांच्या तोंडी ते येतं तेव्हा त्यात इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेवटच्या तारखेचा दम असतो. पलीकडचे काका कधी मुलुंडला भाजी घेत असतात, कधी सिद्धिविनायकाच्या रांगेत असतात, कधी कोकण रेल्वेच्या बोगद्यात. रेंज आली की तीन ओटीपी एकदम पडतात आणि त्यातला कुठला चालणार यावर आमचं दोघांचं फोनवर संशोधन सुरू होतं.

नोकरी हिशेबाची, पण माझा निम्मा वेळ दुसऱ्यांची लॉगिनं उघडण्यात जातो. त्यामुळे बिल्डिंगमधले आणि नात्यातले लोक मलाच विचारतात, दुसरं व्हेरिफिकेशन कुठलं लावू? एसएमएस बरा की ते ऍप? अंगठा की चेहरा? सगळ्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. माझ्याकडे एक वाक्य आहे, पण त्यानं कुणाचं समाधान होत नाही: जो पुरावा तुम्हाला फोनवरून कुणाला सांगताच येणार नाही, तो लावा.

आपल्याला दोन पुराव्यांची सवय लावली ती मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेनं. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं कार्डावरच छापलेलं. कार्ड ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळंच. म्हणून ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन खरेदीसाठी कार्डावर नसलेलं असं काहीतरी आणखी विचारणं बँकांना सक्तीचं झालं. सुरुवातीला तो एक ठरलेला पासवर्ड असायचा, मग ओटीपी आला आणि घराघरांत रुळला. परदेशातल्या कित्येक साइटवर आजही नुसत्या कार्ड नंबरावर पैसे कापले जातात. अमेरिकेहून आलेली माझी भाची इथे प्रत्येक खरेदीला ओटीपी मागतात म्हणून वैतागते. मला मात्र तिच्याकडच्या त्या सुटसुटीतपणाचीच धास्ती वाटते.

शास्त्र साधं आहे. एक पुरावा तुम्हाला ठाऊक असलेला, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दुसरा तुमच्याजवळ असलेला, म्हणजे फोन, सिम, कार्ड, टोकन. तिसरा तुमच्या अंगचा, बोटाचा ठसा किंवा चेहरा. यातले दोन वेगवेगळ्या जातीचे लागतात. पासवर्ड विचारून वर आईचं माहेरचं आडनाव विचारलं तर तो एकाच जातीचा पुरावा दोनदा झाला. शिवाय गिरगावातल्या चाळीत आईचं माहेरचं आडनाव अख्ख्या मजल्याला पाठ असतं. यूपीआयमध्ये हे दोन पुरावे इतके गुपचूप बसवलेत की कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ऍप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो, त्या नंबराशी तो फोन बांधला जातो, आणि मग पिन. तुमचा पिन कुणी खांद्यावरून वाचला तरी तो त्याच्या फोनवर चालत नाही.

ओटीपीची गोची तंत्रात कमी आणि आपल्या दिवसात जास्त आहे. सकाळी गॅसचा सिलिंडर येतो, दारातला माणूस म्हणतो, कोड सांगा. रिक्षात बसलं की ओटीपी सांगा, कुरियर आलं की ओटीपी सांगा. दुपारी मी फोन करून म्हणते, काका, ओटीपी सांगा. आणि बँक प्रत्येक मेसेजात लिहिते, ओटीपी कुणालाही सांगू नका. दिवसात चार वेळा सांगायचा असतो आणि पाचव्यांदा सांगायचा नसतो, हा भेद सत्तरीच्या माणसानं कसा करायचा? पाचवा फोन येतो तेव्हा पलीकडचा आवाज माझ्यापेक्षा जास्त अदबीनं बोलतो. मध्यंतरी ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ हे मेसेज मुंबईभर फिरत होते. बिल भरलेलं असूनही लोक घाबरले. घाबरलेला माणूस मेसेज पूर्ण वाचत नाही, नुसते सहा आकडे शोधतो. खरं तर त्याच मेसेजात रक्कम लिहिलेली असते, पैसे कुणाला चाललेत तेही असतं. आमच्या मजल्यावरच्या आजींना मी एवढंच शिकवलंय: आकडे नंतर, आधी रक्कम मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता त्या स्वतःच थबकतात.

हे झालं सांगून गेलेल्या ओटीपीचं. न सांगताही तो जातो. २०१८च्या डिसेंबरात माहीमच्या एका व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोन मुका झालेला, आणि कंपनीच्या खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये गेलेले. त्याच्या नंबराचं सिम दुसऱ्याच कुणीतरी नव्यानं काढून घेतलं होतं, म्हणजे ओटीपी थेट त्या चोराकडेच जात होते. वर्तमानपत्रांत ती बातमी गाजली तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर दुसरा विषय नव्हता. पुढे २०२२मध्ये दूरसंचार विभागानं नियम आणला, की सिम बदललं की पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे. नियम चांगला आहे, पण फोनवरची रेंज कारण नसताना तासन् तास गेली तर ‘नेटवर्कच खराब’ म्हणून झोपून जाऊ नये. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारावं, आणि पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच घटकेला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावावा.

मुंबईत आणखी एक धोका आहे, तो परदेशी लेखांत सापडत नाही. लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोलणाऱ्याच्या हातावर रुळांकडेनं काठीचा फटका बसतो आणि फोन खाली पडतो. फटका गँगला त्या फोनची किंमत हवी असते, पण फोनबरोबर तुमचं सिमही जातं. स्क्रीन लॉक आहे म्हणून आपण निश्चिंत. ते सिम काढून दुसऱ्या साध्या हँडसेटमध्ये घातलं की ओटीपी तिथे सुखाने येऊ लागतात. यावर उपाय फोनमध्येच पडून आहे आणि फुकट आहे: सिमला पिन लावायचा. मग फोन नव्यानं सुरू केला किंवा सिम दुसरीकडे घातलं की आधी तो पिन मागितला जातो. फक्त कंपनीचा मूळ पिन आधी माहीत करून घ्या. तीनदा चुकला की सिम अडतं आणि ते उघडणाऱ्या पीयूके नंबरासाठी कंपनीच्या दुकानात खेटे घालावे लागतात. दुसरं, बंद स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. चोराला लॉक उघडायची गरजच पडत नाही, ओटीपी वर झळकत असतो.

एवढं सगळं असूनही मी एसएमएसला मोडीत काढत नाही. जिथे दुसरं काही मिळतच नाही तिथे तो लावावाच. नुसत्या पासवर्डपेक्षा तो केव्हाही बरा. शिवाय वारं बदलतंय. २०२५च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख. दोन पुरावे सक्तीचेच आहेत, पण दुसरा एसएमएसनंच आला पाहिजे असं नाही. बँकांना इतर वाटा मोकळ्या झाल्या.

त्यातली पहिली वाट म्हणजे ऑथेंटिकेटर ऍप. क्यूआर कोड स्कॅन केला की साइट तुमच्या फोनला एक गुपित देऊन ठेवते. पुढे फोन आणि साइट, दोघंही ते गुपित आणि घड्याळातली वेळ एकत्र करून आपापल्या जागी तेच गणित करतात आणि दर तीस सेकंदांनी सहा नवे आकडे काढतात. मेसेज कुठून येत नाही, म्हणून वाटेत कुणी पकडतही नाही. सिम चोरून उपयोग नाही. भुयारी मेट्रोत रेंज नसली, फोन विमान मोडवर असला तरी आकडे येतात. फोनचं घड्याळ तेवढं बरोबर हवं. ही पद्धत २०११पासून जाहीर मानक म्हणून उपलब्ध आहे, तिला पैसेही पडत नाहीत, तरी ती लोकांच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ येतात. कारण पहिला प्रश्न एकच: फोन हरवला तर?

प्रश्न रास्त आहे. हे लावताना साइट दहाएक रिकव्हरी कोड देते आणि आपण ‘पुढे’ दाबून मोकळे होतो. ते कोड कागदावर उतरवून घ्यायचे आणि दागिन्यांच्या डब्याबरोबर बँकेच्या लॉकरात ठेवायचे. लोक हसतात, पण ज्या जीमेलवरून तुमच्या साऱ्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, त्याचा कोड दोन पाटल्यांपेक्षा स्वस्त नाही. क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवणं मात्र टाळा. तो गणपतीच्या फोटोंबरोबर कुठे कुठे फिरेल, सांगता येत नाही. आणि सुरुवात बँकेपासून न करता ईमेलपासून करा. बँकेनं तुमच्यावर काही ना काही लादलेलं असतंच, ईमेल उघडं पडलेलं असतं.

तरीही ऍपमधले आकडे सांगता येतात. हुबेहूब बँकेसारखं दिसणारं खोटं पान समोर आलं की आपण ते तिथे टाइप करतो, आणि तीस सेकंदांच्या आत ते खऱ्या पानावर वापरले जातात. फोनवर ‘लॉगिन तुम्हीच करताय का?’ असं विचारून नुसतं ‘होय’ दाबायला लावणाऱ्या पद्धतीची गत आणखी वाईट. २०२२च्या सप्टेंबरात उबर कंपनीत हेच झालं. चोराकडे एका कंत्राटी माणसाचा पासवर्ड आधीच होता. त्यानं लॉगिनची विनंती पुन्हा पुन्हा पाठवली आणि अखेर त्या माणसानं एकदा ‘होय’ दाबलं. मायक्रोसॉफ्टनं पुढच्या वर्षी आपल्या ऍपमध्ये नुसतं ‘होय’ बंद केलं आणि समोरच्या स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाकायला लावला, तो याच जातीच्या हल्ल्यांमुळे.

त्याच २०२२च्या उन्हाळ्यात अमेरिकेत दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळपास सारखेच फसवे एसएमएस गेले. ट्विलिओमध्ये चोर आत शिरले. क्लाउडफ्लेअरमध्येही तीन जण फसले, त्यांनी खोट्या पानावर पासवर्ड टाइपसुद्धा केला, पण चोरांना पुढे जाता आलं नाही. तिथे प्रत्येकाला यूएसबीची सिक्युरिटी की दिलेली होती. ही की खऱ्या साइटचा पत्ता स्वतः तपासते. पत्ता वेगळा असला तर ती होकाराची सही करत नाही, मग पान दिसायला कितीही हुबेहूब असो. माणूस फसला तरी की फसत नाही. पासकी म्हणजे हेच तंत्र, फोनच्या पोटात बसवलेलं. तुमचं बोट किंवा चेहरा लागतो तो फक्त फोनमधली किल्ली वापरायला, तो ठसा साइटकडे जात नाही. कुणी फोन करून ‘ताई, तुमची पासकी सांगा’ म्हणालं तर सांगण्याजोगं तुमच्याकडे काही नसतंच. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२मध्ये एकत्र येऊन पासकीला पाठिंबा जाहीर केला, आणि आज तुमच्या जीमेलवर ती दोन मिनिटांत लागते.

इथवर ऐकून लोक मान डोलावतात. मग मी त्यांना आमच्या व्यवसायातला एक खण दाखवते.

कंपनीच्या संचालकांना सरकारी फॉर्मवर डिजिटल सही करावी लागते. त्यासाठी डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, मिळतं, यूएसबीच्या टोकनात. खासगी किल्ली त्या टोकनात बंद असते, बाहेर काढता येत नाही, आणि वापरायला पिन लागतो. तंत्र म्हणून ते चोख आहे, वर्षानुवर्षं आपल्याकडे आहे, कायद्यानं त्या सहीला हाताच्या सहीइतकी किंमत आहे. आणि ही टोकनं असतात कुठे? मुंबईतल्या असंख्य सीएंच्या टेबलांच्या खणांत. रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यात, प्रत्येकावर संचालकाच्या नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीच्या मागे पिन. संचालक म्हणतात, तुमच्यावर विश्वास आहे, तुम्हीच ठेवा. कुठलंही खोटं पान या किल्लीला फसवू शकत नाही, आणि ती पानपुडीसारखी हातोहात फिरते.

म्हणून आता कुणी पद्धत विचारली की मी उलट विचारते, हे खातं प्रत्यक्षात चालवतं कोण? आपल्याकडे एका माणसाचं खातं एकटा माणूस क्वचित चालवतो. आईची बँक मुलगा पुण्याहून बघतो, सासऱ्यांचं पेन्शन सून बघते, शेठचं जीएसटी मुनीम बघतो. ओटीपी या साऱ्यांना परवडतो, कारण तो सांगता येतो. त्याच्यातली खोट आणि त्याची सोय एकच आहे. अशा घरात उद्या कुणी सगळीकडे पासकी लावून दिली तर आठवड्यात ती काढायला सांगतील, किंवा मुलाचं बोटही आईच्या फोनमध्ये नोंदवतील. दुसरं झालं तर निदान ते डोळसपणे झालेलं असावं.

पार्ल्याच्या माझ्या मावशीचं उदाहरण सांगते. बँक, गॅस, सोसायटी, पेन्शन, सगळं काकांच्या मोबाइल नंबरावर. काका गेले. त्या दुःखात रिचार्जची आठवण कुणाला राहणार? तीन महिने वापर झाला नाही की कंपनीला नंबर बंद करता येतो, तसा तो झाला. त्यानंतर मावशी प्रत्येक काउंटरवर ऐकत होती, ‘नोंदणीकृत नंबरावर ओटीपी गेलाय.’ तिची बोटंही साथ देईनात. जन्मभर भांडी घासून, पोळ्या लाटून झिजलेल्या ठशांना मशीन दाद देत नाही. हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा दाखवायची सोय आहे म्हणून नोव्हेंबर तरी पार पडतो. घरातलं माणूस गेलं की मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढतानाच त्यांच्या नंबरावर रिचार्ज मारून ठेवा, आणि मग एकेक ठिकाणचा नंबर बदलत जा. हा सल्ला मी हल्ली पासकीच्याही आधी देते.

धंद्याच्या ठिकाणी मात्र तोडगा आहे आणि तो लोक वापरत नाहीत. मुळजी जेठा मार्केटमधले आमचे एक कापडवाले शेठ आहेत. गोडाऊन भिवंडीला, राहणं घाटकोपरला. माल गाडीत भरून पाठवायचा तर जीएसटीचं ई-वे बिल काढावं लागतं, आणि १ एप्रिल २०२५पासून त्याच्या पोर्टलवर सगळ्यांनाच दोन पुरावे द्यावे लागतात. रात्री साडेअकराला ट्रक भरून उभा, बिल काढायचंय, आणि ओटीपी शेठच्या उशाशी. गोडाऊनचा पोरगा फोन करून त्यांना उठवायचा, शेठ चष्मा शोधायचे, आकडे वाचून दाखवायचे आणि परत झोपायचे. कुठल्या बिलासाठी, ते कधीच विचारायचे नाहीत.

मी म्हटलं, ‘शेठ, त्याला सब-युजर करा. त्याचं लॉगिन वेगळं, ओटीपी त्याच्या नंबरावर. एसएमएस नको असेल तर एनआयसी या सरकारी संस्थेचं जीएसटी शील्ड ऍप आहे, त्यात रेंजशिवाय कोड येतो.’

शेठनं बराच वेळ विचार केला. ‘म्हणजे बिल कुणी काढलं, तिकडे त्याचं नाव लागणार?’

‘हो.’

‘मग चुकीचं बिल निघालं तर मला कळणार, कुणी काढलं ते.’

‘आणि त्यालाही कळणार, की तुम्हाला कळणार.’

शेठनं माझ्यासमोरच भिवंडीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पोरग्याला सगळं समजावलं. तिकडे थोडा वेळ ट्रक मागे घेणाऱ्याची ‘येऊ दे, येऊ दे’ एवढीच ओरड ऐकू येत होती. मग पोरगा म्हणाला, ‘माझा नंबर द्या, पण मग रिचार्ज तुम्ही मारायचा.’